कांजीचे स्तोत्र

बातमी नरसम्माने आणली. दुपार होती. दवाखान्याच्या मागच्या खोलीत स्पिरिटच्या दिव्यावर लहान पातेलीत मी इंजेक्शनच्या सुया उकळत ठेवल्या होत्या. नरसम्मा दारात येऊन उभी राहिली. तोंड घामाने भिजलेले, पायांत काही नाही, आणि हातात स्वयंपाकाचा लाकडी चाटू. तो तिने का आणला हे मी विचारले नाही, आणि हातात काही आहे हे तिच्याही ध्यानात नसावे. ती गप्प उभी राहिली, कारण माझे ओठ हलत होते. रूथमावशीच्या हाताखाली वाढलेल्या बाईचे ओठ विस्तवापाशी हलत असले तर मध्ये बोलायचे नसते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. ओठ थांबले तेव्हा ती म्हणाली, "बाई, अक्का गेली." रूथमावशीला ती अक्का म्हणे. मी दिवा विझवला, सुया चिमट्याने काढून ताटलीत ठेवल्या, त्यांवर स्वच्छ फडके झाकले, दुसऱ्या नर्सला सांगितले आणि मग निघाले. एवढे सगळे करत कशा बसलात, असे मला पुढे एकदोघींनी विचारले. सुया उकळून झाल्या होत्या, त्या वाया कशाला घालवायच्या? मावशीनेही तेच केले असते.

दवाखान्यापासून आमची गल्ली लांब नाही. पण त्या दिवशीचे ते चालणे मला अजून नीट जुळवता येत नाही. वैशाखाचे ऊन. रंगाऱ्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सूत वाळत घातले होते, लाल, निळे, हळदी, आणि त्याखालून आम्ही दोघी वाकून जात होतो. गटारातून कुणाच्या तरी कढईतले गुलाबी पाणी संथ वाहत होते. घराघरातून मागांची खटखट येत होती. ती इतकी रोजची आहे की एरवी कानाला कळतसुद्धा नाही. त्या दिवशी मात्र ती पाण्याखालून यावी तशी येत होती... मला वाटत राहिले की आपण गल्लीतून चालत नसून कुणाच्या तरी गुंगीतून चाललो आहोत, आणि ते माणूस जागे झाले की आपण नाहीसे होऊ. असल्या गोष्टी मी सहसा बोलत नाही. पण तसे वाटले हे खरे.

रूथमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. मोठ्या दुष्काळात मिशनच्या बैलगाडीतून करमाळ्याकडची जी अनाथ पोरे सोलापुरात आणली, त्यांत आम्ही दोघी होतो. ती वयात येऊ लागलेली, मी चालण्याच्या वयाची पण चालण्याचे त्राण नसलेली. गाडीत तिने मला मांडीवर घेतले आणि पुढे खाली ठेवायचे राहून गेले, असे ती सांगे. तिचा बाप मेंढरे राखणारा. आई आधीच गेलेली. चारा संपला तसा बाप मेंढरे घेऊन नदीच्या अंगाला निघाला आणि जाताना लेकीला म्हणाला, "हितंच बस. मी येतो." ती बसली. मिशनची गाडी आली तेव्हाही ती त्याच बाभळीखाली बसलेली होती आणि काही केल्या उठत नव्हती. "बा येनार हाय," एवढेच म्हणत होती. शेवटी तिला उचलून गाडीत घातले. बाप आणि मेंढरे कुठे गेली याचा पत्ता कधीच लागला नाही.

मुलींच्या बोर्डिंगात तिला पाटीपेन्सिल दिली, पण अक्षरे काही तिच्या हाताला लागली नाहीत. मिशनच्या मडमबाईंनी तिला स्वयंपाकघरात घातले. तिथे वेगळीच अडचण आली. मडमबाईंना सगळे घड्याळाने हवे असे; कांजी इतका वेळ, अंडे इतका वेळ, आजारी मुलीला शेक इतका वेळ. घड्याळ होते ते त्यांच्या बंगल्यात, आणि मावशीला ते वाचता येत नव्हते. पण तिचे कान तीक्ष्ण होते. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत बायबलातली स्तोत्रे म्हटली जात, ती तिला दोनचारदा ऐकून पाठ होत. आणि एक दिवस तिच्या असे ध्यानात आले की मेंढपाळाचे स्तोत्र सावकाश तीनदा म्हटले की ज्वारीच्या पिठाची कांजी बरोबर शिजते. झाले, त्या दिवसापासून आमच्या बोर्डिंगात घड्याळ चालले ते स्तोत्रे रचणाऱ्या दाविदाचे. डोंगराकडे डोळे लावून मदतीची वाट बघणारे स्तोत्र अंड्याला, खोल जागेतून देवाला हाक मारणारे पिठल्याला. सर्वांत लहान स्तोत्र दोनच कडव्यांचे, ते चहाला. "मानसाला पुरत न्हाय, पर चहाला पुरतं," असे ती म्हणे.

आम्ही मुली पाळीपाळीने चाटू धरायचो. ती पाटावर बसून भाजी चिरायची आणि आम्ही धुरात डोळे मिटून ढवळत स्तोत्र म्हणायचो. पहाटेचे ते स्वयंपाकघर माझ्या आठवणीत कधीच नीट उजाडत नाही. खिडकीत करडा उजेड, पातेल्यातून वाफ, वाफेत कुणाची तरी वेणी, आणि अर्धवट झोपेतला आपलाच आवाज कुठून तरी लांबून येतोय असे वाटायचे... कुणी अडखळले की मावशी दुसरा चाटू घेऊन पातेल्याच्या काठावर टक् करून वाजवी आणि विचारी, "फुडं?" बस्स, एवढेच. पुढचा शब्द ती कधी सांगत नसे. आणि मी भराभर म्हणू लागले की चिरता चिरता म्हणे, "सगुणे, कांजी कच्ची ऱ्हाईल. देवाला काय गाडी गाठायचीय व्हय?" मला तेव्हाही घाई असे, आताही असते.

कांजीला हेच स्तोत्र का, दुसरे का नाही, असे मी मोठी झाल्यावर तिला एकदा विचारले होते. तिचे पीठ कालवून झाले, चूल सारखी करून झाली, मग म्हणाली, "माझा बा म्हनला, मी येतो. आला न्हाय. त्याला दोष न्हाय देत मी, मेला आसंल कुटंतरी. पर ह्या स्तोत्रातला मेंढका जातच न्हाय कुटं. संगं चालतो. म्हून रोज तीनदा बगून घेते, हाय का न्हाय."

"आणि?" मी विचारले.

"हाय की," ती म्हणाली, जणू मी तिला डब्यात मीठ आहे का असे विचारले होते.

पुढे मी नर्सिंग शिकले आणि माझ्या छातीवर घड्याळ आले. मावशीने ते हातात घेऊन उलटेपालटे केले, कानाला लावले. "ह्येच्यात काय म्हनत्यात?" मी म्हटले, काही म्हणत नाहीत, नुसती टिकटिक. "मग येळ जातो कसा?" असे तिने अगदी खरेच विचारले. नाडी मोजायला घड्याळच लागते, हे मी तिला समजावले आणि तिने ते मान्यही केले. तिची स्तोत्रे माझ्या घड्याळापेक्षा श्रेष्ठ होती असे मी म्हणणार नाही. उलट घडले आहे, आणि ते सांगितलेच पाहिजे.

बोर्डिंगात नवी स्वयंपाकीण आली तेव्हा मावशी माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आली. आमची गल्ली विणकरांची. मावशी त्यांच्यासाठी रहाटावर सुताच्या कांड्या भरून देई. समोर नरसम्मा, तेलुगू घरातली, नवरा मागावर. त्याला एका हिवाळ्यात छातीत कफ दाटला. मावशीने मोहरीचे पोटीस करून दिले आणि नरसम्माला बजावले की छातीवर ठेवून मेंढपाळाचे स्तोत्र पाच वेळा म्हणायचे आणि काढायचे. नरसम्माला स्तोत्र कुठले येणार? मावशी कांड्या पोचवायला गेलेली, मी कामावर. तिने गल्लीतून जाणाऱ्या आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पाळकसाहेबांना थांबवले. पाळकसाहेब तेव्हा नवे होते, तरुण होते, आणि विणकराच्या घरातून कुणी आपणहून स्तोत्र म्हणायला बोलावते आहे, याने त्यांना गहिवरून आले. त्यांनी सगळ्यांत मोठे स्तोत्र काढले, जे नुसते वाचायलाच दम लागतो, आणि मधून मधून थांबून ते अर्थ सांगू लागले. नवरा म्हणायचा, "जळतंय, जळतंय!" पाळकसाहेबांना वाटायचे, वचनाने अंतःकरण जळते आहे. ते आणखी जोराने समजावू लागले. मावशी परतली तेव्हा पोटीस तसेच, खाली फोड आलेले, आणि पाळकसाहेब आणि आजारी माणूस दोघांच्याही डोळ्यांना पाणी. संध्याकाळी मी फोडांना मलम लावायला गेले तर तो म्हणतो कसा, "नर्सबाई, तुमचा देव चांगला हाय वो, पर लई कडक हाय की!" कफ मात्र सुटला. पाळकसाहेब पुढे कित्येक दिवस आमच्या गल्लीतून मान खाली घालून जात, आणि मावशी त्यांना मुद्दाम हाक मारून चहाला बोलावी. चहा मुरेपर्यंत, अर्थात, ते दोन कडव्यांचे स्तोत्र.

माझा नवरा कंपाउंडर होता. तापाच्या मोठ्या साथीत तो गेला. त्यानंतर मी रविवारी उपासनेला जायचे सोडले. माझे देवाशी भांडण नव्हते. बोलणे नव्हते, एवढेच. रविवारची पाळी मी मागून घेऊ लागले, इतर नर्सना ते सोयीचेच होते. मावशीने का म्हणून विचारले नाही. पण सोमवारी सकाळी मी तिच्या खोलीत चहाला जाई तेव्हा ती कालचा उपदेश मला देई. देई असेच म्हणायला हवे, कारण ती तो सांगत नसे. तासभराच्या उपदेशातले ती एकच वाक्य घरी आणायची. एकच का, असे विचारले तर म्हणे, "जास्ती आनलं तर नासतं." आणि ते वाक्य पाळकसाहेबांचे असेल याची मला पुष्कळदा शंका येई. एका सोमवारची गोष्ट. आदल्या दिवशी वॉर्डात एक बाळंतीण गेली होती आणि मला चहा गोड लागत नव्हता. मावशी बशी पुसत म्हणाली, "काल साहेब म्हनले, देवानं अंधार काय केला न्हाय, त्यो व्हताच. त्यानं दिवा तेवडा लावला." मी चहा तसाच ठेवून कामावर निघाले. पण ते वाक्य दिवसभर माझ्याबरोबर वॉर्डात फिरले. मी चादरी बदलत होते, औषधे देत होते, आणि ते कुठेतरी खांद्याशी होते, सावलीसारखे, किंवा उन्हाळ्यात ओले फडके खांद्यावर टाकावे तसे... अशी किती वर्षे गेली ते मी मोजले नाही. उपासनेला न जाता मी प्रत्येक रविवार ऐकत राहिले.

गेल्या थंडीत, संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली होती त्या दिवसांत, मावशीचे उजवे अंग गेले. रहाटापाशीच कलंडली. डॉक्टरीणबाईंनी जे करता येते ते केले. काही दिवसांनी तोंडातून शब्द येऊ लागले, "पानी", "नको", "ऊन". पण स्तोत्रे आली नाहीत. मी आधी त्याची फिकीर केली नाही. गिळता येते, कूस वळवता येते, पाठीला जखम नाही, हे माझ्या दृष्टीने मोठे होते. मग एका दुपारी मी तिची पाठ पुसत होते. बाहेर ऊन पांढरे झाले होते, दारातून सुताचा लाल रंग छतावर हलत होता. मावशी दाराकडे टक लावून होती. मी विचारले, काय बघतेस? ती अगदी लहान पोरीच्या आवाजात म्हणाली, "हितंच बसलेय. बा येनार हाय."

मला सगळे कळले, आणि नको होते तेवढे स्पष्ट कळले. मोठ्या दुष्काळातल्या त्या बाभळीखाली ती परत जाऊन बसली होती. तिथून तिला उठवून आणणारे जे एक तिच्याजवळ होते, ते स्तोत्रच हरवले होते. रोज तीनदा बघून घेणारी बाई आता बघू शकत नव्हती. आणि असेच, बापाची वाट बघत बघत ती जाणार, या विचाराने माझ्या हातातले फडके थांबले. मला मरणाचे भय उरलेले नाही, पुष्कळ पाहिले आहे. पण हे असे मला चालणार नव्हते.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे आधी बाजारात गेले आणि गजराचे घड्याळ घेऊन आले. म्हटले, वेळ कळत नाही म्हणून बावरली असेल, ठोके ऐकून बरे वाटेल. ती टिकटिक ऐकून रडायलाच लागली. घड्याळ माझ्या खोलीत नेले. मग पाळकसाहेबांना बोलावले. ते आता पोक्त झालेले, केस पिकू लागलेले. त्यांनी बाजेशेजारी बसून मेंढपाळाचे स्तोत्र वाचले, फार चांगले वाचले. पण पुस्तक नव्या छपाईचे होते. नव्या छपाईत शब्द सुधारले आहेत, वाक्ये गुळगुळीत झाली आहेत. मावशीने पहिले दोन-तीन शब्द ऐकले, कपाळाला आठी घातली आणि तोंड भिंतीकडे केले. त्या शब्दांतला मेंढका तिला ओळखू येईना. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटले. "सगुणाबाई, जुने शब्द तुम्हांला येत असतील?" मी हो म्हटले आणि खुर्चीत बसून सुरुवात केली. पहिली ओळ आली. पुढे काही नाही. पाटी पुसावी तसे कोरे. पाळकसाहेब जाताना म्हणाले, "रविवारी या. निदान तिच्यासाठी काही घेऊन जाल."

म्हणून मी गेले. दवाखान्यातून औषधाची बाटली आणायला माणूस जातो, तशी मी इतक्या वर्षांनी आमच्या ख्रिस्ती देवळात उपदेश आणायला गेले. बायकांच्या बाजूला पुढे चटईवर मावशीची जागा रिकामी होती. मी मागे बसले. पंखे हलत होते, बाहेर चिंचेत साळुंक्या भांडत होत्या. पाळकसाहेब बोलत होते आणि मी त्यातून एक वाक्य निवडत होते, बाजारात भाजी निवडावी तसे. हे नको, हे जड आहे, हे तिला कळणार नाही. आणि मग ते म्हणाले, "हाक मारणारा आपले शब्द विसरला, तरी ज्याने आजवर ते ऐकले तो विसरलेला नसतो." मी तेवढे घेतले आणि पुढचे ऐकले नाही. खरे सांगायचे तर ते वाक्य मी तिच्यासाठी घेतले होते, पण घरी येईपर्यंत वाटेत थोडे माझ्यासाठीही उघडून पाहिले.

सोमवारी सकाळी मी ते मावशीला सांगितले. "काल साहेब म्हणाले..." अशी तिच्याच पद्धतीने सुरुवात केली. तिने माझ्याकडे पाहिले. तिला काय समजले, मी सांगू शकत नाही. मग तिच्या कांजीची वेळ झाली होती म्हणून मी शेगडी बाजेजवळ ओढली, पीठ कालवले, पातेले चढवले आणि ढवळू लागले. माझे लक्ष दुसरीकडेच होते, दवाखान्यात चादरी कमी पडत होत्या त्यांच्याकडे. वाफ वर येऊ लागली, खिडकीतला उजेड तिच्यात अडकून करडा झाला... आणि माझ्या ध्यानात आले की माझे ओठ हलताहेत. स्तोत्र चालले होते. जुन्या शब्दांत, एकही न गळता, बोर्डिंगातल्या पहाटेच्या आवाजात. खुर्चीत बसून जे आले नव्हते ते हाताला आठवत होते. चकित होऊन मी हात थांबवला, तर शब्दही थांबले.

मागून टक् असा आवाज आला. मावशीचा डावा हात बाजेच्या लाकडावर होता. तिने बोटाने पुन्हा टक् केले.

"फुडं," ती म्हणाली.

मी ढवळू लागले. दुसऱ्या खेपेला तिचे ओठ हलू लागले. तिसऱ्या खेपेला एखाददुसरा शब्द आवाजासकट बाहेर पडला, वाकडा, एका बाजूने, पण ओळखू येणारा. त्या दिवशी कांजी करपली. मावशीने ती करपलेलीच खाल्ली आणि मला दरडावलेही नाही, यावरून काय ते समजावे.

त्यानंतर रोज तेच. इतर स्तोत्रे परत आली नाहीत, ते एक आले, तेही मध्ये मध्ये गाळलेले. पण तिची नजर दाराकडून फिरली. एकदा पाणी पाजताना मी हळूच विचारले, "आहे का?" ती थोडा वेळ डोळे मिटून राहिली, आणि तिच्या उरलेल्या अर्ध्या तोंडाने हसली. "हाय की." मी पेला खाली ठेवला आणि उगीचच बाहेर जाऊन सुताकडे बघत उभी राहिले.

मी कामावर असले की नरसम्मा तिच्यापाशी बसे. त्या शेवटच्या दुपारीही तीच होती. अंत्यविधीची तयारी करून आम्ही दोघी बाहेर ओट्यावर बसलो तेव्हा मी तिला विचारले, कसे झाले? ती म्हणाली, दुपारी अक्काने बोटाने बाजेवर टक् टक् केले. शेगडी विझलेली होती, पीठही नव्हते. "मला तुमचे शब्द येत न्हाईत बाई. मी आपला रिकाम्या पातेल्यात चाटू फिरवला. अक्का म्हनत व्हती. लई हळू."

"सगळे म्हटले का? शेवटपर्यंत?"

"त्ये मला काय कळतंय? तिचं बोट थांबलं तवा मी थांबले."

मग तशीच उठून ती चाटू हातात घेऊन माझ्याकडे आली होती.

दुसऱ्या दिवशी कबरीपाशी पाळकसाहेबांनी मला विचारले, स्तोत्र जुन्या शब्दांत तुम्ही म्हणता का? मी म्हणाले, साहेब, पातेल्याशिवाय मला येत नाही. ते हसले आणि लगेच गंभीर झाले. त्यांनी नव्या छपाईतलेच वाचले. मावशीची आता हरकत नसावी. मी रविवारी जाते, एक वाक्य आणते. सोमवारी ते कुणाला द्यायचे हा प्रश्न पडतो, तेव्हा चहा पिताना समोरच्या तिच्या रिकाम्या पाटाला सांगते. असे आपण करतो हे मला पटत नाही, पण करते.

चाटू माझ्याकडे आहे. त्याची एक बाजू झिजून तिरकी झाली आहे, कारण मावशी एकाच दिशेने ढवळायची. गेल्या आठवड्यात नरसम्माला ताप आला. मी कामावरून येऊन तिच्याकडे गेले, चूल पेटवली, पीठ कालवले आणि तो तिरका चाटू पातेल्यात घातला. मला घरी कामे होती. तीन खेपा म्हणून झाल्या, पातेले उतरवायला फडके घेतले. नरसम्मा भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली असे मला वाटले होते. ती तशीच, न वळता म्हणाली, "बाई, तुमी लई घाईत म्हनता. अक्का आसं म्हनत नव्हती. कच्ची ऱ्हायली आसंल बगा."

मी चाटूवरचा थेंब जिभेवर घेतला. कच्च्या पिठाची चव होती. छातीवरचे घड्याळ मी पाहिले नाही. चाटू पातेल्याच्या काठावर एकदा वाजवला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.